संशय म्हणजे साक्ष नव्हे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत समाजाच्या इतिहासावर एखादा लेख असावा, असा प्रघात आहे. वडार समाजाचा इतिहास म्हटला, की घाट, धरणे, विहिरी, जाती आणि पाटे यांचे वर्णन ओघानेच येते, आणि ते यावयासही हवे. खंडाळ्याचा घाट १८६३ साली आणि कसारा-इगतपुरीचा थळ घाट १८६५ साली आगगाडीस खुला झाला. त्या काळी कातळ फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या हजारो हातांत गाडीवडार व मातीवडार यांचे हात मोठ्या संख्येने होते. नांदगावच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे असताना आपण मुलांना हे सांगतो, तेव्हा आपलीही छाती अभिमानाने भरून येते.

परंतु ज्या हातांनी घाट फोडले, त्याच हातांकडे गावाने व सरकारने पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहिले, हाही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. तो सांगताना आपण संकोचतो. गावात घरफोडी झाली, की माळावरची पाले प्रथम झडत, हे आम्ही वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. पण त्याविषयी लिहिलेले मात्र फारसे वाचलेले नाही. म्हणून यंदा अभिमानाचा विषय क्षणभर बाजूस ठेवून आम्ही या संशयाचा इतिहास वाचकांपुढे मांडीत आहोत. त्यास निमित्त आहे ते आपल्याच नाशिक जिल्ह्यात घडलेल्या एका खटल्याचे. हा खटला २००३ साली उभा राहिला आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. त्यात सहा निरपराध माणसांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली आणि खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा झालीच नाही.

जुना न्याय

दोष सिद्ध करण्यास पुरावा हवा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून खुद्द राघोबादादांवर दोष ठेवला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. तिचा विशेष असा, की शास्त्रीबुवांनी पाहिला तो पुरावा. समोरच्याचे पद पाहिले नाही.

तथापि त्याच काळात दुसरीही एक रीत होती. साक्षीदार मिळेनासे झाले अथवा साक्षी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, म्हणजे वादी किंवा प्रतिवादी यांस दिव्य करावयास लावीत. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हात पिशवीत बांधून तीवर मोहर करीत आणि ठराविक अवधीनंतर ती पिशवी सर्वांसमक्ष सोडीत. हातास फोड आढळले, तर मनुष्य खोटा ठरे. आज ही रीत आपणांस क्रूर वाटते. परंतु तीमागील खरी अडचण क्रौर्याची नसून निराळीच होती. पुरावा अपुरा आहे, हे पंचांना कळत असे. पण 'पुरावा अपुरा आहे, सबब यास सोडून द्या' असे म्हणण्याचा धीर त्यांना होत नसे. काहीतरी निकाल हवा, कोणीतरी दोषी हवा, या निकडीतून दिव्य जन्मास आले. ती निकड आजही संपलेली नाही, हे पुढे दिसून येईल.

एकाच सरकारचे दोन कायदे

इंग्रजी अमलात एका वर्षाच्या अंतराने दोन कायदे झाले. आमच्या मते आपल्या समाजाने ते शेजारी शेजारी ठेवून वाचावयास हवेत.

पहिला कायदा १८७१ चा, गुन्हेगार जमातींसंबंधीचा. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत आला. १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करण्यात आला. ज्या जमातीचे नाव या कायद्याखाली जाहीर होई, तिच्या माणसांस नोंदवहीत नाव घालावे लागे, बोटांचे ठसे द्यावे लागत, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि मुक्काम हलवावयाचा तर परवाना घ्यावा लागे. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथे वसाहती वसविण्यात आल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाची आठवण जुन्या पिढीने पुढच्या पिढीस सांगितली. त्या माणसाने काय केले, हा प्रश्न या कायद्यास पडतच नसे. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरे होई.

दुसरा कायदा १८७२ चा, पुराव्याचा. हा सर्वस्वी उलट विचाराचा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, ऐकीव गोष्ट सर्वसाधारणपणे पुरावा नव्हे, जो आरोप करील त्यानेच तो सिद्ध करावा, अशी त्याची शिकवण. हिंदुस्थानातील न्यायालये या कायद्यावर दीडशे वर्षे चालली. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. परंतु ही मूलतत्त्वे नव्या कायद्यातही कायम आहेत.

म्हणजे एकाच सरकारने सज्जनांसाठी पुराव्याचा कायदा केला आणि गरीब भटक्यांसाठी पुराव्यावाचून चालणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. आपल्या जातीचे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे त्या बंधनातून सुटलेले. कायदा सुटला, हे खरे. परंतु त्या कायद्याने लोकांच्या मनात रुजविलेली समजूत त्याच्याबरोबर सुटली काय, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर नाशिकच्या खटल्याकडे वळले पाहिजे.

नाशिकचा खटला

दिनांक ५ जून २००३ ची रात्र. नाशिक परिसरात शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कष्टकरी कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच माणसे ठार झाली. स्त्रियांवर अत्याचार झाले. घरची माता आणि तिचा एक मुलगा एवढे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. या कुटुंबाचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांच्या दुःखाचा आदर राखणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. असा प्रसंग ऐकून कोणाचेही रक्त तापेल, आणि लोकांनी 'गुन्हेगारांस पकडा' असा आक्रोश केला असेल, तर त्यात काहीही वावगे नाही.

त्याच महिन्यात सहा जणांस अटक झाली. ते जालना जिल्ह्याच्या भोकरदन भागातील, भटक्या जमातीचे, मोलमजुरी करणारे लोक होते. ते नेमके कोणत्या जमातीचे, याची चर्चा आम्ही करीत नाही. माळावर पाल ठोकून राहणाऱ्या कोणत्याही जमातीवर हा प्रसंग आला असता, असे आम्हांस वाटते.

नाशिकच्या सत्र न्यायालयाने जून २००६ मध्ये सहाही जणांस दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे ३० एप्रिल २००९ रोजी निकाल लागला. तो असा, की जन्मठेपेवर आलेल्या तिघांनाही पुन्हा फाशी. न्यायाच्या तीन पायऱ्या चढून गेल्यावर सहाही जण फासाच्या दोरीखाली उभे राहिले. त्यांचा पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला गेला.

येथे ही कथा संपावयाची. ती संपली नाही, याचे श्रेय एका स्वतंत्र निकालास द्यावे लागेल. पुनर्विलोकनाचे अर्ज पूर्वी न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांचा तोंडी युक्तिवाद न ऐकता निकालात निघत. फाशीच्या प्रकरणांत ते खुल्या न्यायालयात व किमान तीन न्यायमूर्तींपुढे ऐकले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. त्या दारातून हे प्रकरण पुन्हा आत आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली. न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. शाह यांच्या पीठाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई राज्य सरकारने द्यावी आणि तपासात हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करावी, असेही न्यायालयाने फर्माविले.

सोळा वर्षे! त्यांतील सुमारे तेरा वर्षे मृत्युदंडाच्या छायेत. अटकेच्या वेळी ते तरुण होते. सहांपैकी एकजण तर गुन्ह्याच्या काळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे ज्यास कायद्याने फाशी देताच येत नव्हती, त्याच्याही फाशीवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची मोहर उमटून गेली होती.

चूक कोठे झाली

वाचक विचारतील, की तीन न्यायालयांच्या नजरेतून असे काय निसटले? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. ते फार खोल दडलेले नव्हते. खटल्याच्या कागदपत्रांतच होते.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या मातेस पोलिसांच्या दप्तरातील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविण्यात आली होती. तीमधून तिने चार जणांस ओळखले होते आणि दंडाधिकाऱ्यापुढे त्याची नोंदही झाली होती. हे चौघे पुढे पकडलेल्या सहांपैकी नव्हते. ते पोलिसांच्या दप्तरातलेच, म्हणजे ज्यांचा ठावठिकाणा लावता येण्यासारखा होता असे लोक होते. तरीही त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही, त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. त्याऐवजी निराळ्याच सहा जणांस उभे करण्यात आले, आणि ओळखपरेडीत व न्यायालयात त्यांना ओळखल्याची साक्ष झाली. ते चौघे खरोखरच गुन्हेगार होते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही; ते सांगण्यासाठीच तपास असतो, आणि तो झाला नाही, हेच न्यायालयाचे गाऱ्हाणे होते.

याखेरीज साक्षींत पुढे पुढे भर पडत गेल्याचे न्यायालयास आढळले. पहिल्या जबाबात नसलेले तपशील नंतर आले. ठसे किंवा वैद्यकीय तपासणी यांसारख्या, माणसाच्या स्मरणावर न विसंबणाऱ्या पुराव्याचा भक्कम आधारही आरोपांस मिळाला नाही. उरली ती केवळ ओळख. आणि त्या ओळखीच्या आधीच दुसरी ओळख होऊन गेलेली.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. त्या दुर्दैवी मातेस वा मुलास आम्ही यत्किंचितही दोष देत नाही. अंधारी रात्र, अपुरा उजेड, डोळ्यांदेखत कुटुंबाचा संहार आणि अंगावर जीवघेण्या जखमा. अशा स्थितीत पाहिलेला अनोळखी चेहरा काही काळाने अचूक आठवावा, अशी अपेक्षा करणेच चूक होय. प्रामाणिक साक्षीदारही चुकतो. चेहरे दाखविणारा जे दाखवितो, ते त्याच्या मनात रुजते, आणि पुढे तो आपलीच आठवण म्हणून ते शपथेवर सांगतो. म्हणूनच ओळखपरेडीस कायद्याने दुय्यम स्थान दिले आहे. ती स्वतः पुरावा नव्हे. न्यायालयात दिलेल्या साक्षीस आधार देणारी ती एक काठी आहे. परेडीपूर्वी साक्षीदारास आरोपीचा चेहरा किंवा छायाचित्र दिसले, तर ती काठीही मोडते. अशी परेड आणि जुन्या काळचे रवादिव्य यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे पुराव्याची पोकळी असते आणि ती भरून काढण्यासाठी एक विधी उरकला जातो.

परंतु सहाच जण का, आणि हेच सहा का? न्यायालयाने निकालपत्रात याचाही विचार केला. हे आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या खालच्या थरातील, अत्यंत गरीब मजूर आहेत. त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा आशय आहे. १८७१ च्या कायद्याने जे उघडपणे लिहिले होते, ते २००३ साली कोणी लिहिले नाही; परंतु तसे घडले मात्र.

ग्लासगोचा धडा

हा केवळ आपल्या देशाचा दोष आहे, असे कोणी समजू नये. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात २१ डिसेंबर १९०८ रोजी ऐंशी वर्षे उलटलेल्या एका धनिक वृद्धेचा खून झाला आणि तिचा हिऱ्याचा एक दागिना नाहीसा झाला. ऑस्कर स्लेटर नावाच्या जर्मन ज्यू गृहस्थाने हिऱ्याचा दागिना गहाण टाकला आहे, अशी खबर पोलिसांस लागली. चौकशीअंती तो दागिना त्या वृद्धेचा नव्हता आणि खुनाच्या कित्येक आठवडे आधीच गहाण पडला होता, असे आढळले. येथेच संशय मिटावयास हवा होता. पण स्लेटर परका, त्याचा धंदा संशयास्पद, राहणी चांगली म्हणता येणार नाही अशी. म्हणून पुरावा गळून पडला तरी संशय तसाच राहिला. साक्षीदारांस त्याचे छायाचित्र दाखविण्यात आले. पोलिसांच्या पहाऱ्यात तो समोरून जाताना त्यांना दिसला. आणि मग त्यांनी त्यास ओळखले. मे १९०९ मध्ये पंधरा पंचांपैकी नऊ जणांच्या मताने तो दोषी ठरला. फाशीच्या दिवसाला दोनच दिवस उरले असता ती शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आली.

शेरलॉक होम्सच्या कथांमुळे मराठी वाचकांसही परिचित असलेले सर आर्थर कॉनन डॉईल यांनी १९१२ साली या खटल्यावर पुस्तिका लिहून पुराव्यातील छिद्रे दाखविली. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ट्रेंच नावाच्या ग्लासगोच्याच एका पोलीस अधिकाऱ्याने सत्य बाहेर आणण्याचा प्रयत्न केला, तर १९१४ साली त्याची नोकरी गेली. अखेर १९२७ साली स्लेटर सुटला आणि १९२८ साली त्याची दोषसिद्धी रद्द होऊन त्यास सहा हजार पौंड मिळाले. तोवर अठरा वर्षे उलटली होती.

स्लेटर निदान जिवंत सुटला. लंडनच्या टिमोथी एव्हन्स यास आपल्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी फाशी देण्यात आली. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष देणारा, त्याच घरात राहणारा ख्रिस्ती हाच अनेक स्त्रियांचा खुनी असल्याचे १९५३ साली उघड झाले. एव्हन्सला १९६६ साली क्षमा मिळाली. परंतु ती घेण्यास तो उरला नव्हता. नाशिकच्या सहा जणांची फाशी २००९ नंतर तत्परतेने अमलात आली असती, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवावयाचा होता? फाशीची शिक्षा असावी की नसावी, यावर विद्वानांत दुमत आहे. परंतु ज्या शिक्षेत चूक दुरुस्त करण्यास जागा नाही, तेथे पुरावा किती निखळ हवा, याविषयी दुमत होऊ नये.

महाराष्ट्रातून निघालेले दोन नियम

हा निखळपणा कसा मोजावा, याचे उत्तर आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि अभिमानाची गोष्ट अशी, की त्यांतील दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातील खटल्यांत दिले गेले. शिवाजी साहेबराव बोबडे यांच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपी दोषी 'असू शकेल' आणि तो दोषी 'असलाच पाहिजे' यांत मोठे अंतर आहे, व ते अंतर केवळ तर्काने ओलांडता येत नाही. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात खालच्या दोन न्यायालयांनी दिलेली फाशी रद्द करून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली. न्यायालयाने त्यांस पंचशील असेच म्हटले आहे. प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध झालेला असावा. सर्व दुवे आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखविणारे असावेत. ते निर्णायक स्वरूपाचे असावेत. दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी बाद करावी. आणि साखळी अशी अखंड असावी, की आरोपीच्या निर्दोषत्वास जागाच उरू नये. संशय कितीही दाट झाला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे या सर्वांचे सार.

नियम चांगले होते. ते १९७३ पासून व १९८४ पासून पुस्तकात होते. तरीही २००६, २००७ व २००९ साली ते या सहा जणांच्या कामी आले नाहीत. याचा अर्थ इतकाच, की नियम आपोआप चालत नाही. तो चालविण्यास आरोपीच्या बाजूने पहिल्या दिवसापासून कोणीतरी उभे राहावे लागते, प्रत्येक कागद मागावा लागतो, वाचावा लागतो. श्रीमंताच्या खटल्यात हे घडते. गरिबाच्या खटल्यात ७ जूनचा कागद फाईलमध्येच राहतो.

भरपाईविषयी दोन शब्द. सोळा वर्षांचे पाच लाख, म्हणजे वर्षास एकतीस हजारांच्या आसपास; महिन्यास अडीच हजारांहून थोडे अधिक. चुकीच्या खटल्यांत भरपाई मिळण्यासाठी स्वतंत्र कायदा व खास न्यायालये असावीत, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील आपल्या २७७ व्या अहवालात केली आहे. हे लिहीपर्यंत तसा कायदा झालेला नाही. आपल्यासारख्या सर्व समाजांच्या मंडळांनी ही मागणी एकमुखाने करावी, असे आम्हांस वाटते.

आपले कर्तव्य

इतिहास वाचून केवळ उसासा टाकावयाचा नसतो. या खटल्यापासून आपल्या घरांसाठी काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. त्या आम्ही थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट जन्माच्या नोंदीची. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, आणि त्यासाठी शाळेचा दाखला अथवा ग्रामपंचायत वा नगरपरिषदेचा जन्मदाखला हा पहिला पुरावा मानला जातो. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुलांच्या जन्मतारखा आजही अंदाजाने सांगितल्या जातात. एका कागदाने मुलाचे प्राण वाचू शकतात, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट वकिलाची. अटक झालेल्या प्रत्येकास अटकेचे कारण जाणण्याचा, आपल्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोठडीतील माणसास मोफत वकील मिळतो; त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. 'वकील पुढे बघू, आधी जामिनाचे पाहू' असे म्हणून पहिले आठवडे दवडू नयेत. पुरावा बिघडतो तो त्याच आठवड्यांत.

तिसरी गोष्ट ओळखपरेडीची. ती होण्यापूर्वी आरोपीचा चेहरा झाकलेला असावा, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात वा मोबाईलवर फिरू नये, यासाठी वकिलामार्फत पहिल्याच दिवशी न्यायालयास अर्ज द्यावा. आपलीच तरुण मुले उत्साहाने कोणाचेही छायाचित्र 'हाच तो चोर' म्हणून पुढे पाठवितात. तसे करणे म्हणजे स्लेटरच्या साक्षीदारांस छायाचित्र दाखविण्यासारखेच आहे.

आणि चौथी गोष्ट, जी लिहिताना आमचाही हात थोडा अडखळतो. आज आपल्यातील अनेक कुटुंबांनी पाल सोडून पक्की घरे बांधली. मुले शिकली, ठेकेदार झाली, नोकरीत लागली. मंडळास याचा सार्थ अभिमान आहे. परंतु आपल्या वस्तीत चोरी झाली, म्हणजे आपण प्रथम कोणाकडे बोट दाखवितो? गावाबाहेर नुकत्याच उतरलेल्या, आपल्याहून गरीब, आपल्याहून अधिक भटक्या माणसांकडेच ना? आपल्या आजोबांच्या पालाची झडती ज्या नजरेने घेतली गेली, ती नजर आपल्याकडे वारसाहक्काने आली असेल, तर विमुक्त दिन पाळण्यास काय अर्थ उरला? संशय घेण्याचा अधिकार मिळाला, म्हणजे प्रतिष्ठा मिळाली, असे कोणी मानू नये.

उपसंहार

नाशिकच्या त्या झोपडीत मारल्या गेलेल्या पाच जीवांचे ऋण अद्याप फिटलेले नाही. सहा निरपराधांस सोळा वर्षे डांबून ते फिटले नाही, फिटणारही नव्हते. चुकीच्या माणसास शिक्षा होते, तेव्हा अन्याय दुहेरी होतो. एक निरपराध आत जातो आणि एक अपराधी बाहेर राहतो. म्हणून खऱ्या पुराव्याचा आग्रह हा आरोपीवरचा उपकार नव्हे. तो मृतांच्या नातलगांचाही हक्क आहे.

आपले पूर्वज दगड फोडण्यापूर्वी त्यावर घण हलकेच वाजवून पाहत. आवाज ऐकून आतील चीर ओळखत, आणि मगच घाव घालीत. आंधळा घाव घातला, तर दगड वाया जातो आणि हातही दुखावतो, हे त्यांस ठाऊक होते. न्याय करणाऱ्यांनी आणि न्याय मागणाऱ्यांनीही एवढी काळजी घ्यावी, आणि आपल्या समाजाने तरी कोणावर संशय घेताना ती कधी विसरू नये, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.